ध्वनिमुद्रणाबरोबर त्याची नोंदही पाठवा : संग्राहकांना आणि रसिकांना खुले पत्र

हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे संग्राहक, त्यांचे वारस आणि ही ध्वनिमुद्रणे एकमेकांना पाठवून त्यांवर चर्चा करणारे सर्व रसिक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यातील अनेकांनी वर्षानुवर्षे जपलेली स्पूल (ध्वनिफितीची रिळे), कॅसेट आणि तबकड्या आता डिजिटल रूपात हातोहात फिरू लागल्या आहेत. ज्या मैफलींची कीर्ती पूर्वी फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळे, त्या आज बेळगावातल्या विद्यार्थ्याला, मडगावातल्या शिक्षिकेला आणि परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला घरबसल्या ऐकता येतात. आपल्यासारख्या माणसांनी पदरच्या पैशाने जुनी यंत्रे दुरुस्त करून घेतली, रात्री जागून प्रती काढल्या आणि त्या विनामूल्य वाटल्या, म्हणून हे घडले. त्या ऋणाची पूर्ण जाणीव ठेवून मी हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे आणि ती आग्रहाची आहे : ध्वनिमुद्रण पाठवताना त्याची नोंदही पाठवावी, आणि ते पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने ती नोंद गाण्याइतक्याच काळजीने सांभाळावी.

आज आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक फायलींवर गायकाचे नाव, फार तर रागाचे नाव आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द एवढेच असते. मैफल कुठे झाली, कधी झाली, तबल्यावर आणि पेटीवर कोण होते, हे गाणे रेडिओवरून उतरवून घेतले की समोर बसून टेप केले, मूळ स्पूल कोणाकडे होते, यांतले काहीच कळत नाही. काही महिन्यांनी तेच गाणे दुसऱ्या नावाने, थोड्या वेगळ्या लांबीचे आणि थोड्या वेगळ्या पट्टीत पुन्हा येते आणि नवी मैफल सापडली असे समजून आपण ते जपून ठेवतो. एखाद्या शिष्याचे गाणे गुरूच्या नावावर फिरते. असे गाणे मग शिकणारी मुले त्या गुरूची शैली म्हणून घोटतात, आणि एकदा गळ्यात बसलेली गोष्ट नंतर कोणी नाव दुरुस्त केले म्हणून गळ्यातून जात नाही.

आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचा आरंभच नोंदीच्या गरजेने झालेला आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात तबकड्यांसाठीची पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्या काळच्या तबकड्यांत गाणे संपताना गायिका गौहर जान ‘माय नेम इज गौहर जान’ असे इंग्रजीत सांगतात. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, म्हणून ही घोषणा होती. पुढे लेबल आले, सूचीपत्रे आली, आणि तबकडीच्या मधल्या मोकळ्या कड्यात कोरलेला क्रमांक तर होताच. त्या क्रमांकावरून ती तबकडी कोणत्या सत्रातली आहे याचा माग अभ्यासकांना आजही काढता येतो. कंपनीने व्यवहारासाठी ठेवलेली ही शिस्त संगीताच्या इतिहासाला मोठी उपकारक ठरली. खासगी मैफलींच्या स्पूलला मात्र असा क्रमांक नाही. त्याचा सारा इतिहास खोक्यावर पेनाने लिहिलेल्या दोन ओळींत आणि तिथे हजर असलेल्या माणसांच्या स्मरणात आहे. खोके टाकून देऊन फक्त आवाजाची प्रत काढली, तर तो इतिहास आपण स्वतःच्या हाताने पुसला असे होते.

तारखेला मी इतके महत्त्व का देतो, हे मल्लिकार्जुन मन्सूरांच्या उदाहरणाने सांगतो. त्यांची प्रारंभीची तालीम नीलकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेर परंपरेची झाली. नंतर त्यांना अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ भेटले, आणि १९३७ साली मंजी खाँ गेल्यावर त्यांची तालीम मंजी खाँचे बंधू बुर्जी खाँसाहेबांकडे पुढे चालली. मन्सूरांच्या सुरुवातीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि उतारवयातील त्यांच्या मैफली शेजारी ठेवून ऐकल्या, तर घराणे गळ्यात कसे उतरते आणि मग माणूस त्या घराण्यात स्वतःची वाट कशी पाडतो, याचा साक्षात पाठ मिळतो. तारखा काढून टाकल्या की उरते ती ‘मन्सूरांची ध्वनिमुद्रणे’ नावाची सरमिसळ. कुमार गंधर्वांच्या बाबतीत हे आणखी तीव्रतेने जाणवते. लहान वयात ते इतरांच्या गायकीची हुबेहूब प्रतिकृती उभी करीत, पुढे क्षयाने गाणे कित्येक वर्षे थांबले, आणि १९५० च्या दशकात ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा श्वासाची, स्वर फेकण्याची आणि विरामाची रीतच बदललेली होती. त्यांची एखादी मैफल १९५५ ची आहे की १९७५ ची, हे माहीत नसताना तिच्याबद्दल केलेले कोणतेही विधान अधांतरी राहते.

शिवाय आपल्या परंपरेतली काही शिखरे ध्वनिमुद्रित झालेलीच नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. दोघांचेही गाणे आज ऐकायला उपलब्ध नाही. खाँसाहेबांच्या गायकीचा अंदाज आपण केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मन्सूर यांच्या गाण्यांवरून बांधतो. हा अंदाज ज्या पुराव्यांवर उभा आहे ते पुरावे कोणत्या काळाचे आहेत आणि कोणत्या स्थितीत आपल्यापर्यंत आले, हे माहीत असल्याखेरीज खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीच्या चर्चेला पाया मिळत नाही.

साथीदारांविषयी तर मला अधिकच कळवळून लिहावेसे वाटते. गायकाच्या नावाने फिरणाऱ्या फायलीत तबलजी, पेटीवाले, सारंगिये आणि मागे तंबोरा धरून स्वर भरणारे शिष्य यांचा उल्लेख क्वचितच असतो. कुमारजींचा मध्य लयीतला ख्याल वसंतराव आचरेकरांच्या ठेक्याशिवाय किंवा गोविंदराव पटवर्धनांच्या पेटीशिवाय कसा उभा राहिला असता, हे जाणकारांना सांगायला नको. तरीही ज्या मैफलीत हे दोघे आहेत तिच्या नोंदीत त्यांची नावे बहुधा गाळलेली असतात. तंबोऱ्यामागचा एखादा कोवळा आवाज पुढे मोठ्या कलावंताचा ठरलेला असू शकतो. त्याचे नाव त्या वेळी हजर असलेला माणूसच सांगू शकतो, आणि अशी माणसे आता थोडी उरली आहेत. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या प्रत्येक कलावंताला दोन नैतिक हक्क दिले आहेत : सादरकर्ता म्हणून आपले नाव लावले जाण्याचा, आणि आपल्या कीर्तीला बाधा येईल अशी आपल्या प्रयोगाची मोडतोड रोखण्याचा. कायद्याच्या भाषेत वादकही सादरकर्ताच आहे. म्हणून साथीदाराचे नाव लिहिणे हा केवळ आपला चांगुलपणा आहे असे मानू नये.

आता गतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत मोठे नुकसान इथे होत आहे आणि ते कानाला चटकन जाणवत नाही. जुन्या तबकड्यांना आपण ‘अठ्ठ्याहत्तरच्या’ म्हणतो, पण विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या काळात गती एकसारखी नसे. मिनिटाला ७८ फेऱ्यांपेक्षा कमी किंवा जास्त गतीने मुद्रण होत असे. समजा, एखादी तबकडी ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली आहे आणि आपण ती ७८ ने वाजवली, तर स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणारा गवई लगतच्या पांढरी दोनच्या आसपास ऐकू येतो, त्याची तान पाच टक्क्यांनी जलद होते, आणि आवाजाची जात बदलून तो अधिक बारीक आणि अधिक तरुण वाटू लागतो. मग ‘त्या काळी सगळे फार चढ्या पट्टीत गात’ अशी अनुमाने आपण काढतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची पट्टी मुळातच चढी होती. पण त्यांच्या किती तबकड्या आपण योग्य गतीने ऐकल्या आहेत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

स्पूलची गोष्टही तशीच आहे. घरगुती यंत्रावर सेकंदाला साडेसात इंच किंवा पावणेचार इंच अशा गती असत आणि फीत वाचवण्यासाठी पुष्कळ बैठका हळू गतीने टिपल्या गेल्या. यंत्राचा पट्टा सैल पडला असेल, तर मुद्रणाची गती ठरलेल्या गतीहून ढळते. त्या स्पूलवरून कॅसेट, त्या कॅसेटवरून दुसरी कॅसेट आणि शेवटी संगणक असा प्रवास झाला, की प्रत्येक यंत्राची चूक आधीच्या चुकीत मिसळते. यावर उपाय आहेत. विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलेल्या मुद्रणात गुणगुण उतरलेली असते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे ती गुणगुण ५३ च्या जवळ दिसली, तर फीत सुमारे सहा टक्के जलद चालली आहे असे धरता येते. मात्र ती गुणगुण मूळ मुद्रणातली आहे की प्रत काढतानाच्या यंत्राची आहे, हे आधी तपासावे लागते. पेटीची साथ असेल तर तिचा सूर ताडून पाहता येतो. त्याच कलावंताची त्याच काळातली खात्रीची ध्वनिमुद्रणे ऐकूनही अंदाज येतो. हे सारे करून गती दुरुस्त केली, तर तसे स्पष्ट लिहावे आणि न दुरुस्त केलेली प्रत जपून ठेवावी, म्हणजे उद्या कोणाला आपला अंदाज चुकल्याचे आढळले तर मुळापर्यंत परत जाता येईल.

हीच विनंती ‘स्वच्छ’ करण्याबाबतही आहे. तबकडीची खरखर कमी करणाऱ्या प्रणाली आता फोनवरही मिळतात आणि त्यांचा मोह होतो. पण त्या खरखरीच्या पट्ट्यातच तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारे वरचे स्वर असतात, तबल्याच्या चाटेची (कडेवरच्या आघाताची) धार असते आणि गायकाचा श्वास असतो. हात जड झाला की खरखरीबरोबर तेही जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्याहून वाईट म्हणजे कापाकापी. बैठकीत गायकाने सांगितलेली चीज, तंबोरे मिळवताना झालेले बोलणे, श्रोत्याने केलेली फर्माईश, समेवर उठलेली दाद हे सारे ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकले जाते. रागाचे नाव, बंदिशीचा कर्ता आणि कधी कधी गावाचे नावसुद्धा नेमके त्या अनावश्यक बोलण्यातूनच कळते. काही जण तानेच्या मधोमध आपल्या संग्रहाचे नाव बोलून ध्वनिमुद्रणावर शिक्का मारतात. आपले श्रेय नोंदीत लिहावे, ते सन्मानाने वाचले जाईल. गाण्यावर मात्र कृपा करून आवाज टाकू नये. जी प्रत जपायची ती वेव्ह स्वरूपात आणि शक्यतो २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर करावी. एमपीथ्री पाठवायला सोयीची असते, पण तिच्यावरून पुन्हा एमपीथ्री काढत गेल्यास प्रत्येक वेळी काहीतरी गळते.

चर्चेच्या रीतीबद्दलही लिहिणे भाग आहे. रागाच्या नावावरून आपल्यात जे वाद होतात ते संगीताला हवेच आहेत. पण त्यांत ऐकण्यापेक्षा घराण्याचा अभिमान अधिक दिसू लागला आहे. जयपूर-अत्रौलीचा संपूर्ण मालकंस ऐकून कोणी लिहितो की गायकाने मालकंसात वर्ज्य असलेले ऋषभ-पंचम लावून राग बिघडवला. त्याला हसण्यापेक्षा, हा त्या घराण्यात जपलेला वेगळा राग आहे आणि अमुक अमुक कलावंतांनी तो गायला आहे, असे सांगितले तर एक श्रोता घडतो. जोडराग आणि अनवट राग यांच्याबाबत तर मतभेद राहणारच. अशा वेळी मूळ स्पूलवर काय लिहिले होते, गायकाने स्वतः काय सांगितले आणि आपल्याला काय वाटते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. आपले मत कितीही ठाम असले तरी जुने नाव खोडून त्या जागी नवे लिहू नये, ते शेजारी लिहावे. तारखेबाबतही तसेच करावे : ‘१९६० च्या आसपास, आवाजावरून अंदाज’ असे प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद खोट्या नेमक्या तारखेपेक्षा शतपटीने उपयोगी असते.

हक्कांचा प्रश्न टाळून हे पत्र पूर्ण होणार नाही. आपल्या कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६० पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांची मुदत संपलेली आहे. मात्र नाट्यपदाच्या शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क वेगळा असतो आणि तो कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. खासगी मैफलींचे गणित निराळे आहे. त्या कधी प्रकाशितच झालेल्या नसतात, आणि कलावंताचा सादरकर्ता म्हणून असलेला हक्क त्या मैफलीनंतर ५० वर्षे राहतो. कायद्याच्या पलीकडेही एक मर्यादा मी मानतो. केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत किती नाखूश असत हे सर्वश्रुत आहे. ज्या कलावंताने टेप करू नका असे सांगितले होते आणि तरीही कोणी चोरून टेप केले, ते गाणे अभ्यासासाठी जपले जावे, पण ते सर्वांसमोर ठेवण्याआधी कुटुंबाला किंवा शिष्यांना विचारावे, असे माझे मत आहे. आजारपणातली, आवाज गेलेला असतानाची एखादी मैफल केवळ ‘शेवटची’ म्हणून फिरवणे मला मान्य नाही. आणि फुकट मिळालेल्या ध्वनिमुद्रणांचा संच बांधून विकणाऱ्यांना आपण सर्वांनी उघडपणे विरोध करावा, कारण त्यांच्यामुळेच अनेक जुन्या संग्राहकांनी आपली कपाटे पुन्हा बंद केली आहेत.

त्या बंद कपाटांच्या मालकांनाही विनंती आहे. आपण जे जपले ते देवाणघेवाणीचे चलन म्हणून धरून ठेवू नये. फिती चिकट होतात, ॲसिटेटच्या फितींना आंबूस वास येऊ लागतो आणि त्या आखडतात. वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही दुर्मीळ झाले आहेत. आपल्या पश्चात घरच्यांना स्पूल म्हणजे काय हे कळेलच असे नाही, आणि कळले नाही तर ते रद्दीत जाते. हयातीतच निर्णय घ्यावा. मुंबईतील एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) यांसारख्या संस्थांकडे संग्रहालये आहेत. मुंबईतच १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी तबकड्यांच्या संशोधनाचा उत्तम पायंडा पाडला आहे. ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या शिक्क्याच्या तबकड्या, त्यांची लेबले आणि सूचीपत्रे यांच्या डिजिटल प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या प्रकल्पातून जतन झाल्या. लेबल आणि सूचीपत्र हे गाण्याचाच भाग आहेत, हे त्या कामात गृहीत धरलेले होते.

एक मागणी संगीत मंडळांकडेही आहे. कोल्हापूरचा देवल क्लब, पुण्याचा भारत गायन समाज, १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव, गोव्याची कला अकादमी आणि गावोगावची लहान मंडळे यांच्या दप्तरांत कार्यक्रमपत्रिका, निमंत्रणे आणि मानधनाच्या वह्या जिथे जिथे शिल्लक असतील, तिथे त्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली करावीत. कोणत्या तारखेला कोण गायले आणि साथीला कोण होते, हे त्यांतून कळले तर तारखेविना फिरणाऱ्या कितीतरी ध्वनिमुद्रणांचा ठाव लागेल. या कामात हक्काचा वाद नाही आणि खर्चही नगण्य आहे.

नोंद कशी असावी, याचा साधा आराखडा असा सुचवतो. कलावंत आणि सर्व साथीदार. राग, ताल आणि चिजेचा मुखडा. ठिकाण, संस्था आणि तारीख, आणि तारीख अंदाजाची असल्यास अंदाजाचा आधार. मूळ साधन स्पूल, कॅसेट, तबकडी की रेडिओ. आपल्याकडे प्रत कोणाकडून आली, त्यांची हरकत नसल्यास त्यांचे नाव. आणि प्रतीवर आपण काय काय केले. एवढे सारे एका परिच्छेदात मावते. ते फायलीच्या माहितीच्या रकान्यात भरावे, शिवाय वेगळ्या कागदावरही ठेवावे, कारण संदेशातून पाठवताना फायलीतली माहिती पुष्कळदा गळून पडते. खोक्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र सोबत जोडता आले तर त्याहून उत्तम. जे माहीत नाही ते रिकामे सोडावे. तो रिकामा रकाना पाहूनच कोणीतरी जाणता माणूस पुढे येऊन तो भरील.

सुरुवात आपल्या घरातल्या दहा स्पूलांपासून करता येईल. त्या मैफलींना हजर असलेले, तंबोऱ्यावर बसलेले किंवा यंत्र सांभाळणारे कोणी आपल्या ओळखीत असतील, तर त्यांच्याकडे या महिन्यातच जावे, ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवावे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यांच्या सांगण्यात तारखांची गफलत असेल, तर ती नंतर कार्यक्रमपत्रिकांवरून ताडता येईल. त्यांची आठवण मात्र नंतर मिळणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक श्रोता